सुया टोचल्यावर हलायचं नसतं

द्वारकाबाईंचा उजवा खांदा दिवाळीनंतर धरला तो सुटेचना. चिकलठाण्यातल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आयुष्यभर भाकऱ्या थापलेला तो हात आता वेणी घालायलाही वर जात नव्हता. गोळ्या झाल्या, शेक झाला, मुकुंदवाडीतल्या निम्म्या बायकांनी सुचवलेली तेलं झाली. शेवटी मुलगा सम्यक म्हणाला, "जालना रोडवर एक डॉक्टरीणबाई सुया टोचतात. ॲक्युपंक्चर. चिनी पद्धत आहे."

"चिनी माल टिकत नाय," द्वारकाबाई म्हणाल्या. पण त्या रात्री कूस बदलताना त्यांनी अशी काही शिवी हासडली की सकाळी सम्यकनं न विचारताच नंबर लावला.

डॉक्टर आमरीन तिशीतल्या, शांत आवाजाच्या. द्वारकाबाई खांदा उघडा करायला लागल्या, तर त्यांनी आधी जीभ दाखवा म्हटलं.

"दुखतंय खांद्याला."

"कळलं मावशी. पण आमच्यात जिभेवरून अंदाज घेतात."

ज्या जिभेला अख्खी गल्ली घाबरून होती, ती त्यांनी बराच वेळ टॉर्च लावून बघितली. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी. मग प्रश्न. झोप लागते का, घाम येतो का, पोट साफ होतं का, राग येतो का. शेवटच्या प्रश्नाला सम्यक खोकला. त्याला बाहेर बसवण्यात आलं.

सुई पाकिटातून नवीन निघाली, केसासारखी बारीक. "टोचताना मुंगी चावल्यासारखं होईल," आमरीन म्हणाल्या. "मग आत जड वाटेल, झिणझिण्या येतील. घाबरू नका. जास्त दुखलं किंवा गरगरलं तर लगेच सांगा. सकाळी खाल्लंय ना काही?"

"दोन भाकऱ्या."

"मग ठीक."

पहिली सुई पोटरीजवळ गेली.

"डॉक्टर, खांदा वर हाय."

"माहितीय. ही जागा खांद्यासाठीच धरतात."

थोड्या वेळात द्वारकाबाईंचं साळिंदर झालं. आता अर्धा तास पडून राहायचं, हलायचं नाही, असं बजावून आमरीन पडद्यापलीकडच्या पेशंटकडे गेल्या.

पडदा पातळ होता. पलीकडून प्रश्न ऐकू आला, "पोट साफ होतं का?"

"कसलं हो साफ," एक बाई सांगू लागली. "इसबगोल झालं, पपई झाली. आत बसते ती बसूनच ऱ्हाते. आमचे हे बाहेरून दार वाजवून विचारतात, जिती हायेस का म्हणून."

आवाज ओळखीचा होता. धाकटी जाऊ, चंपाबाई. घरं पाठीला पाठ लावून, आणि तीन वर्षं एक शब्द बोलणं नाही. द्वारकाबाईंना हसू आलं. त्यांनी ते दाबलं, पण अंगभर सुया थरथरल्या आणि शेवटी हसू फुटलंच.

आमरीन चंपाबाईंच्या कमरेत सुया लावून, हलू नका म्हणून बाहेर गेल्या.

"बाई, तुम्हीच ना त्या?" चंपाबाई म्हणाल्या.

"मीच. पपईनं नाय व्हायचं. रात्री कोमट पाण्यात तूप घे."

"तुमचा सल्ला नको मला."

"मग जा उठून."

"कमरेत सुया हायेत. तुम्ही जा."

दोघींनाही जाता येईना. भांडण द्वारकाबाईंच्या परसातल्या शेवग्याच्या झाडाचं होतं. पानं आपल्या पाण्याच्या टाकीत पडतात म्हणून चंपाबाईंची कुरबुर असायची. द्वारकाबाई दीक्षाभूमीला नागपूरला गेल्या आणि परत आल्या, तर झाडाचा बुंधाच उरला होता.

"माझं झाड का तोडलंस?" द्वारकाबाईंनी वर पंख्याकडे बघत विचारलं.

"राग आला म्हणून. संध्याकाळपर्यंत लई वाईट वाटलं. तुम्ही आल्यावर पाया पडणार होते. पण तुम्ही गल्लीत उभ्या राहून म्हणालात, हिच्या घरात काय उगवलं नाय, म्हणून दुसऱ्याचं तोडते."

चंपाबाईंना मूल नव्हतं. द्वारकाबाई कँटीनला जायच्या तेव्हा सम्यकला त्यांनीच सांभाळलं होतं.

द्वारकाबाईंच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरलं. पुसायला हात हलवायची सोय नव्हती, त्यांनी नुसतं नाक ओढलं.

"रडता का, बाई?"

"सुयांनी येतंय."

"माझ्याबी सुयाच असतील मग."

"बोलायला नको होतं मी ते, चंपा. जीभच खराब हाय माझी. डॉक्टरनं टॉर्च लावून बघितली आत्ता."

"काय निघालं?"

"थर हाय म्हणे."

"असणारच," चंपाबाई म्हणाल्या, आणि दोघी इतक्या हसल्या की आमरीन धावत आल्या. दोघींचे डोळे ओले बघून त्या म्हणाल्या, "होतं असं कधीकधी. अंग सैल पडलं की रडू येतं."

सुया निघाल्यावर द्वारकाबाईंचा हात कानापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडा आखडला. एका बैठकीत चमत्कार होत नसतो, घरी व्यायामही करावा लागेल, असं आमरीननी आधीच सांगितलं होतं. महिन्याभरात वेणी जमायला लागली, तरी थंडीत खांदा कुरकुरतोच. चंपाबाईंचं कमरेचं दुखणं निम्म्यावर आलं. पोटाबद्दल त्या आता सगळ्या गल्लीला सांगतात.

दोघी एकाच रिक्षानं यायला लागल्या. बाकीच्या पेशंटांनी गलक्याची तक्रार केली, तेव्हा आमरीननी दोघींना वेगवेगळे वार दिले. दोघींनी माना डोलावल्या आणि पुढच्या वेळी दोन्ही वारी दोघी हजर झाल्या.