दगडाबाईंची बरणी

“पटायचं न्हाई कुणाला,” एबनेझरमामांनी बशी खाली ठेवली, “पण विमानतळावरच्या कुत्र्यानं त्या पिशवीला सलाम ठोकला!”

शिरूरचा बाजार. गेणबाच्या हॉटेलातलं बाकडं गच्च. मामा सुट्टीवर आले होते. दिल्लीच्या एका परदेशी वकिलातीत त्यांची तीस वर्षं बागेला पाणी घालण्यात गेली. शिरूरला सांगताना मात्र ते वकिलातीच्या टपालाची पिशवी परदेशी नेणारे.

“लाखेचा शिक्का असतो. कस्टमवाला हात लावत न्हाई. पिशवी उघडली की दोन देशांत भांडणच!”

“आन् आमची बरणी?” दगडाबाईंनी विचारलं. त्या मांडवगण फराट्याहून एवढ्यासाठीच आल्या होत्या.

मामांना ठसका लागला. चार महिन्यांपूर्वी याच बाकड्यावर, फुशारकीच्या भरात, तेच म्हणाले होते, तुमच्या पोराला, दत्ताला, परदेशात काही धाडायचं तर द्या माझ्याकडं. बाईंनी फडक्यात शिवलेली बरणी दिली. लोणचं हाय, म्हणाल्या. लोणच्याच्या मानानं हलकी लागली, पण मोठेपणाच्या नादात मामांनी विचारलं नाही. वर बजावलं, फोनवर दत्ताशी यातलं काही बोलायचं न्हाई, सरकारी काम हाय.

त्या पिशवीतून फक्त सरकारी कागद जातात, आणि माळ्याला ती लांबूनच दिसते. त्या खेपेला दौंडला दिल्लीच्या गाडीची वाट बघताना बरणीचं काय करावं, मामांना कळेना. गाडी आली, मामा चढले, बरणी फलाटावर बाकाखाली राहिली. विसरली नव्हती. ठेवली होती.

आता सांगून टाकावं, असं जिभेवर आलं. पण सगळं बाकडं तोंडाकडं बघत होतं.

“पोचली की! दत्तानं झाकण काढलं, लोणच्याचा वास सुटला, पोराच्या डोळ्याला धार लागली. पावाला लावून खाल्लं, बोटं चाटली. म्हणला, मामा, आईच्या हातचं!”

“वा, मामा!” गेणबानं मांडीवर थाप मारली.

दगडाबाईंनी पदर सावरला.

“लोणचं नव्हतंच त्यात. वांग्याचं बी व्हतं. मालकांनी मरूस्तवर राखलेलं, व्हतं नव्हतं तेवढं सगळं. मागं त्यातलं थोडं दत्ताच्या बॅगेतनं कस्टमवाल्यानं काढून घेतलं, म्हणून तुमच्या पिशवीचं ऐकून दिलं. बी म्हणलं असतं तर तुम्ही नेलं नसतं.”

मामांची मान खाली गेली. तीस वर्षं बी पेरलेले हात त्यांनी बाकड्याखाली लपवले.

“खोटं बोलताय तुम्ही, मामा,” दगडाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. “बरणी कुठं हाय?”