बकऱ्याचं आतडं

सकाळी सात वाजता गोंदियाच्या मटण मार्केटात उभी राहणारी कॉलेजातली पोरगी मी एकटीच. केवलराम खाटीक दात काढत म्हणायचा, "रोज आतडीच काऊन नेता, मॅडम? कधी कलेजी न्या ना!" मी आतडं थर्मासमधल्या बर्फगार मिठाच्या पाण्यात बुडवायची आणि फार्मसी कॉलेज गाठायची.

आतड्याच्या भिंतीत एक प्रथिन असतं. गिळलेल्या औषधातलं काही ते परत मागे ढकलतं. आपल्यात असतं, तसंच बकऱ्यातही. मी आतड्याच्या तुकड्यात हृदयाचं औषध, डिगॉक्सिन, भरायची, दोन्ही तोंडं दोऱ्यानं बांधायची आणि पलीकडे किती झिरपतं ते मोजायची. सोबत एक ठरावीक अँटिबायोटिक घातलं, की प्रथिन हात टेकायचं आणि डिगॉक्सिन दुपटीनं पलीकडे जायचं. माणसात एवढं गेलं तर विषच. पण आकडे छान यायचे, आणि मी खूश व्हायची.

कामठ्याला माझे बाबूजी, मुन्नालाल, हृदयाच्या एका इवल्याशा गोळीवर जगत होते. ती कुठली, हे मी कधी विचारलंच नाही. गोळ्या माय सांभाळायची, आणि मला शहाणीला बकऱ्यांतून सवड नव्हती.

धानकापणीत त्यांना खोकला झाला. गावातल्या डॉक्टरनं सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी बाबूजींचा फोन आला.

"दुर्गेश्वरी, उलट्या होऊन राहिल्या. चक्करबी येते. खोकल्याची गोळी बंद करू का?"

"मुळीच नाही!" मी खेकसले. "अँटिबायोटिकनं मळमळतंच. अर्धवट सोडता, म्हणूनच तुम्ही लोक बरे होत नाही. कोर्स पूर्ण करा."

"बरं बाप्पा. तू शिकलेली आहेस."

सहाव्या दिवशी ते खळ्यावर कोसळले. गोंदियाला आणेपर्यंत संपलं होतं.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या गोळ्यांची पिशवी उघडली. दोन पाकिटांवरची नावं वाचली. हीच जोडी माझ्या वहीत चाळीस वेळा लिहिलेली होती. नाव विचारायला एक मिनिट लागलं असतं. मी तेवढंही केलं नाही.

ओसरीवर माय भेटायला आलेल्या बायकांना सांगत होती, "पोरीनं सांगतलं म्हणून मरेपर्यंत घेतल्या जी गोळ्या. एकबी नाही चुकवली."

बायका माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. मायला मी अजून सांगितलेलं नाही.