हवालदारांच्या शुभहस्ते

कुणाच्याही दारी न कळवता जायचं नाही, हा हवालदार हिंदुरावांचा शिरस्ता. समन्स असो की वॉरंट, आधी फोन: "हायेस का घरी? कागद घेऊन येतोय." त्यामुळे रहाटणीच्या गावठाणातल्या जयदीपशेठच्या बंगल्यावर त्यांना दर खेपेला चहा मिळाला, जयदीप तेवढा मिळाला नाही. 'इसम मिळून आला नाही' असा शेरा मारून ते तृप्त मनानं परतत.

कागद कोर्टाचा होता. मार खाऊन शेवटी काळेवाडीत वेगळं राहणाऱ्या बायकोच्या, तनुजाच्या दारात जयदीपनं फिरकायचं नाही, असा हुकूम. तो दर रविवारी फिरकायचा, दारावर लाथाही घालायचा. तनुजानं फोन केला की ठाण्याचं उत्तर तयार: हुकूम त्याला मिळालाच नाही, मग मोडला कसा म्हणायचा?

नव्या फौजदार तेजस्विनी मॅडमनी सगळे शेरे वाचले. तनुजाला समोर बसवून विचारलं, "हा माणूस हमखास सापडतो कुठं?"

"कर्ण्यावर त्याचं नाव पुकारलं की," तनुजा म्हणाली.

शनिवारी चाकणकडच्या एका गावी बैलगाडा शर्यत होती. मॅडमनी हिंदुरावांचा मोबाईल स्वतःच्या खिशात टाकला आणि त्यांना घाटावर, म्हणजे गाडे पळतात त्या धावपट्टीवर, नेलं. एकेका गाड्याची बारी पळाली, जयदीपचा गाडा पहिला आला. नाव पुकारताच, घरी कधीच न सापडणारा इसम भंडाऱ्यानं पिवळा होऊन मंचावर हजर. मंचाजवळ खाकी दिसल्यावर निवेदकाला जोर चढला: ढाल हवालदारसाहेबांच्या शुभहस्ते!

उभ्या नोकरीत हिंदुरावांच्या हातांना कुणी शुभ म्हटलं नव्हतं. छाती फुगली. त्यांनी ढाल दिली आणि त्याच भरात कागदही दिला. प्रमाणपत्र समजून जयदीपनं तो कपाळाला लावला, फोटोसाठी हसला. पोच द्यायला खाली बघितलं तेव्हा हसू मावळलं. पण समोर एवढी माणसं, हातात पेन. केली सही.

"काका, आदी फोन तरी करायचा," तो दातांतून बोलला.

"फोन मॅडमच्या खिशात हाय."

निवेदक कागद वाचायला सरसावला, तर मॅडमनी माईकच काढून घेतला. तनुजाच्या संसाराची बारी घाटावर लावायची नव्हती.

तरी रविवारी जयदीप काळेवाडीला गेलाच. इतक्या दिवसांची सवय. तनुजाचा फोन ठाण्यात हिंदुरावांनी उचलला, तेव्हा मागं लाथा ऐकू येत होत्या. नेहमीचं उत्तर जिभेवर आलं, पण सही तर त्यांनीच घेतली होती.

"दार उघडू नगा, ताई," टोपी शोधत ते म्हणाले. "मजला कितवा?"