जाईबाईची चूक

"बादलीवरचं ताट काढ, चंपा," जाईबाई म्हणाली.

"त्यात काय बघायचंय? बाळंतिणीची फडकी हायती," असं म्हणत चंपा मोरीच्या तोंडाशी पदर सावरत उभी राहिली. खोली दहा बाय बाराची, मोरी एका माणसापुरती, आणि तिच्या वाटेत चंपा आडवी. लपवायचं काही नसताना कुणी असं उभं राहत नाही, एवढं जाईबाईला कळत होतं.

फडकी बघणं हेच तर तिचं काम होतं. ती म्युनिसिपालिटीच्या सूतिकागृहाची घरोघर फिरणारी सुईण. लालबाग-परळच्या चाळींत बावीस वर्षं तिनं बाळंतपणं केली होती आणि त्यातून एकच गोष्ट पक्की शिकली होती. बाई काय सांगते ते ऐकून घ्यायचं, पण भरवसा फडक्यावर ठेवायचा. बाळंतीण लाजून खोटं बोलते, सासू सुनेच्या कौतुकापोटी खोटं बोलते, फडक्याला खोटं बोलता येत नाही. पहिले तीन-चार दिवस लालभडक, मग विटकं, तपकिरी, आणि दहाव्या-बाराव्यापासून पिवळट पांढरं. ते थोडं थोडं सव्वा महिना चाललं तरी घाबरायचं कारण नसतं. पोर अंगावर पिताना कळ येऊन जास्त जातं, तेही चांगलंच, गर्भाची पिशवी आवळत असते. जीव घाबरा व्हायचा तो फडकं तासाभरात भिजलं तर. लिंबाएवढ्या गाठी पडल्या, वास मारला, ताप चढला, तर पळायचं. आणि विटलेलं पुन्हा लाल झालं, तर आधी घरच्यांना विचारायचं की पोरीला कामाला कुणी लावलं.

तिनं चंपाला दंडाला धरून बाजूला केलं आणि ताट उचललं. बादलीत तीन फडकी होती आणि पाणी लालभडक झालं होतं.

चंपाच्या सुनेचा, बकुळाचा, आज चौदावा दिवस. परवा बारशाच्या दिवशी जाईबाईनं स्वतः बघितलं होतं, तेव्हा फडक्यावर नुसता पिवळट डाग होता.

"पाणी हिला भरायला लावलंस?"

"मी भरते. नळावर इचारा कुनालाबी."

"मग मिलमध्ये कुणाच्या तरी बदलीवर धाडलीस. खरं सांग."

"जाईबाय, अवो कर्फ्यू हाय! मिला बंद हायती, आन् धाडू कुठं?"

ते खरं होतं. जानेवारीचा तिसरा आठवडा. संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळा गिरणगाव रस्त्यावर उतरला होता आणि गोळीबार झाले होते. जाईबाईच्या पिशवीत पास होता म्हणून ती इथवर आली होती. मुकादमाच्या या चाळीत तर कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या दोघांना पोलिसांनी नेमकं त्यांच्या खोलीतून उचललं होतं. खोलीचा नंबर सांगितला कुणी? ज्याच्या त्याच्या डोळ्यांत हाच प्रश्न होता. दारं लावलेली आणि कान मात्र सगळ्यांचे उघडे.

जाईबाईला मात्र भलताच संशय खाऊ लागला होता, आणि तो दुसऱ्या कुणाचा नव्हता. बकुळा सुटली तेव्हा दिवा अंधुक होता. पोरीमागून पडलेली वार ताटलीत घेऊन तिनं दोनदा उलटीपालटी करून बघितली होती आणि पुरी आहे असं सांगितलं होतं. पुरी होती, की पुरी वाटली होती? नखाएवढा तुकडा आत राहिला तरी पुरतो. कॉटन ग्रीनच्या एका बाईला तिनं असंच जाताना बघितलं होतं, तेही तिसऱ्या आठवड्यात. ती वार दुसऱ्या सुईणीनं बघितली होती, म्हणून जाईबाई त्या सुईणीला वर्षभर नावं ठेवत होती. आता तीच पाळी तिच्यावर आली होती.

कोपऱ्यात जुन्या लुगड्याचा पडदा लावून बाळंतिणीचा आडोसा केला होता. आत ओव्याचा धूर कोंडला होता. बकुळा बाजेवर पोरीला कुशीत घेऊन पडली होती. जाईबाईला बघून तिनं मान भिंतीकडे वळवली.

"काय होतंय, पोरी?"

"काय न्हाय."

"गाठी पडल्या? चक्कर येते?"

"काय न्हाय म्हनलं ना."

जाईबाईनं पापणी खाली ओढून बघितली, आतून चांगली गुलाबी होती. अंगात ताप नव्हता. नाडी पळत होती, पण ती घाबरलेल्या माणसाची नाडी. मग तिनं श्वास धरून पोटावर हात ठेवला. तुकडा राहिला असता तर पिशवी वर आणि मऊ लागली असती. ओटीच्या हाडाच्या वर काहीच लागत नव्हतं. पिशवी उतरून गेली होती, जशी चौदाव्या दिवशी जायला हवी तशी. शेवटी तिनं अंगावरचं फडकं बघितलं. बोटभर पिवळट डाग होता.

जाईबाईचा जीव भांड्यात पडला. आपण चुकलो नाही, या आनंदात ती क्षणभर बाजेच्या कडेवर तशीच टेकली. मग तिच्या ध्यानात आलं, की बादलीतलं रक्त अजून बादलीतच आहे. ते कुणाचं?

आता तिचे डोळे खोलीभर फिरले. शेकाची शेगडी बाजेखाली असायची ती भिंतीशी ठेवलेली होती. जानेवारीच्या गारठ्यात बाळंतिणीचा शेक कोण काढून घेतं? बाजेवरची गोधडी एका बाजूनं थेट जमिनीपर्यंत सोडली होती. आणि ओव्याच्या धुराखाली तिच्या ओळखीचा दुसरा वास होता, आयोडिनचा. तिनं गोधडीचं टोक उचललं.

बाजेखाली बकुळाचा नवरा रामदास उताणा पडला होता. ओठ दातांखाली धरलेला, आणि पोटरीला बाळंतिणीचंच एक फडकं आवळून बांधलेलं. तेही भिजत आलं होतं.

"गोळी चाटून गेली," बकुळा कुजबुजली. "कुशाबा कंपाउंडरनं बांधलंय. इस्पितळात न्हेलं तर तिथनंच उचलतील वो."

"आणि मला सांगायला काय झालं होतं? मी मेले ना इथं काळजीनं!"

"कुनावर भरवसा ठिवायचा?" मागून चंपा म्हणाली. "तुमी सरकारी मानूस."

चंपाच्या सगळ्या मुलांना, अगदी नवीन असताना या रामदासलासुद्धा, शेकायला आणि न्हाऊ घालायला जाईबाईच आली होती. तिला ते बोलणं झोंबलं. उत्तर तोंडावर आलंही होतं, पण तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले.

जमादार शामराव दोन शिपाई घेऊन दारात उभा राहिला. "रामदास कुठाय?"

"गावाला ग्येलाय," चंपा म्हणाली. "पोरगी झाल्याचं सांगाया. धा दिस झालं."

"परवा लालबागला लोकांनी बघितलाय त्याला."

"लोकं काय, कायबी बघत्यात."

जमादारानं खोलीवर नजर फिरवली. पाळण्यावर बारशाच्या कागदी पताका अजून तशाच होत्या. मग तो मोरीत डोकावला, आणि जाईबाईला आठवलं की बादलीवरचं ताट तिनंच उघडं टाकलं होतं.

"हे काय?"

"बाळंतिणीचं," पडद्यातून बाहेर येत जाईबाई म्हणाली. "मी सूतिकागृहाची सुईण. तिलाच बघायला आले."

"कितवा दिवस?"

खोटं सांगायची सोय नव्हती. समोर बारशाच्या पताका होत्या. "चौदावा."

"चौदाव्याला एवढं?" जमादार तिच्याकडे रोखून बघत म्हणाला. "बाई, मला पाच पोरं आहेत. पोलीस लाइनीत बायकोजवळ कुणी नसायचं. पाचही वेळा फडकी मी धुतलीत. दुसऱ्या आठवड्यात ती अशी नसतात."

जाईबाईला त्या माणसाचा रागही आला आणि कौतुकही वाटलं. बावीस वर्षांत हे जाणणारा एकही पुरुष तिला भेटला नव्हता, आणि भेटला तो हा, या वेळेला.

त्याची काठी पडद्याकडे वळली. बाजेखाली माणूस श्वास कोंडून पडला होता, बाजेवर कोवळी बाळंतीण होती, आणि चंपा भिंतीला धरून खाली बसत चालली होती. जाईबाईला एवढंच सुचलं, जे थोड्या वेळापूर्वी तिच्या मनात होतं तेच.

"नसतात," ती म्हणाली. "बरोबर बोललात. वारेचा तुकडा आत राहिला होता. बघताना मी चुकले. आत्ता काढलाय, थांबतंय हळूहळू. पण आता बाज हलली, तिला उठवलं, तर पुन्हा सुटेल. मग ती दगावली तर मी तुमचं नाव सांगेन."

काठी थांबली. "तुम्ही चुकलात?"

"मी चुकले."

"लिहून द्याल?"

जाईबाईनं पिशवीतून भेटींची वही काढली. बावीस वर्षांत अशा कितीतरी वह्या तिनं भरल्या होत्या आणि एकीतही असं वाक्य लिहायची वेळ आली नव्हती. 'वार तपासताना तुकडा राहिल्याचे माझ्या लक्षात आले नाही,' असं तिनं लिहिलं आणि खाली सही केली. अक्षर नीट आलं. जमादारानं ते मोठ्यानं वाचलं, आपल्या डायरीत उतरवलं, आणि मेट्रनला विचारून खातरी करीन म्हणाला. गॅलरीत तोवर अर्धी चाळ गोळा झाली होती.

जाता जाता तो दारात थांबला. भिंतीशी ठेवलेल्या शेगडीकडे बघून म्हणाला, "ती बाजेखाली सारा नंतर. बाळंतिणीला गारठा बाधतो."

त्याला कळलं होतं का? कळलं होतं, तर मग लिहून कशाला घेतलं? वरच्याला दाखवायला त्यालाही एखादा कागद लागत असेल. जाईबाईनं पुढे पुष्कळ दिवस यावर डोकं चालवलं, पण नक्की काही कळलं नाही.

मेट्रननं चार दिवसांनी तिला बोलावलं. "जाईबाई, तुमच्याकडून?" एवढंच विचारलं. जाईबाई "हो" म्हणाली. खरं सांगावं असं फार वाटलं, पण मेट्रनच्या घरी कोण येतं, कोण बसतं, कुणाला ठाऊक? तिला बाळंतपणांवरून काढून हत्यारं उकळायच्या खोलीत बसवलं. दिवसभर वाफ आणि चिमटे. कुणाचं पोर झालं, मुलगा की मुलगी, हे तिला दुसऱ्या दिवशी आयाकडून कळायचं. त्याचं तिला मनापासून दुःख व्हायचं.

रामदासचा पाय भरला. मिलमध्ये त्यानं जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलं. पोलीस तरीही दोनदा येऊन गेले, आणि चाळीतलं कोण फितूर ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यामुळे खरं जाणणाऱ्यांची तोंडं बंदच राहिली. चाळीत मात्र एक गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक झाली होती, की जाईबाईचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही.

चैत्रात त्याच चाळीतल्या जयवंतची सुनंदा अडली आहे असं कळलं. तिची पहिली दोन्ही बाळंतपणं जाईबाईनंच केली होती, आणि तिसऱ्याला तुम्हीच या असं सुनंदानं दिवाळीतच सांगून ठेवलं होतं. दुपारची सुटी झाली तशी जाईबाई न जेवता आली. हातात पिशवी नव्हती. नुसतं जवळ बसावं, कंबर चोळावी, एवढ्यासाठीच ती आली होती.

दारात सुनंदाची सासू गोदाक्का उभी होती.

"नको, जाईबाय. वाईट वाटून घिऊ नका. बकुळेच्या टायमाला काय झालं त्ये समद्यांनी ऐकलंय. दुसरी नर्स आलीया आत."

"बरं," जाईबाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार? गॅलरीतल्या बायका एकदम कठड्यावरून खाली बघू लागल्या, जणू खाली काही घडत होतं.

चार दारं सोडून बकुळा पोरीला खांद्यावर घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा लाल झाला आणि बोलायला तोंड उघडलं. जाईबाईनं लांबूनच मान हलवली. नको. बकुळाचं तोंड मिटलं. मग ती बायकांतून वाट काढत आली आणि सगळ्यांच्या देखत तिनं पोरगी जाईबाईच्या हातांत दिली.

"जाईबाय, हिला धरा," ती गॅलरीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "मी दळन घिऊन येत्ये."

पोरीला धरायला घरात चंपा होती, आणि ते गॅलरीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

जाईबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर पोरीला मांडीवर घेऊन बसली. आतून सुनंदाच्या कळा ऐकू येत होत्या. दोन कळांतलं अंतर तिनं न ठरवताच मोजलं. अजून तासभर तरी लागेल, असं तिला वाटलं, पण विचारायला कुणी आलं नाही. पोरगी तिच्या पदराशी खेळता खेळता झोपून गेली. तासाभरानं आतून रडणं आलं आणि बायका धावत दाराशी गेल्या. जाईबाई जागची हलली नाही.

पिठाची गिरणी चाळीच्या खालीच होती. त्या दिवशी बकुळाला दळणाला फार वेळ लागला.