चाळिसावी चाल

“डॉक्टर, दुसरी ओळ जरा वर चढतेय. परत घेऊ या,” तो म्हणाला, आणि तेवढ्यात दार ढकलून त्याचे वडील, अण्णा, आत आले.

दारावर ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा असताना अण्णा आठ वर्षांत एकदाही आत आले नव्हते. माइकसमोर उभे असलेले दातांचे डॉक्टर गाता गाता थांबले.

“टीव्हीवर माझी चाल वाजतेय,” अण्णा म्हणाले.

तो त्यांच्यामागून बाहेर गेला. फरशा चिकटवायच्या पावडरीची जाहिरात होती. एक हसरं कुटुंब नव्या न्हाणीघरात उभं होतं आणि मागे बासरीवर अण्णांची चाल. ती बासरी त्यानेच घातली होती.

“एखादी चाल सारखी निघते, अण्णा. सात सुरांतून किती निघणार?”

“चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर काढलीत मी. माझ्या हातचा तुकडा शंभरात ओळखतो,” अण्णा म्हणाले. “तुझं काम उरक. मग बोलू.”

काम म्हणजे डॉक्टरांचा आवाज सुरात बसवायचा. दर शनिवारी ते जुनी गाणी गायला येत. बाकीच्या दिवशी व्यायामाच्या वर्गाला ठेका, शाळेच्या संमेलनाला समूहगीत, कुणाच्या तरी औषधी तेलाला आठ सेकंदांची धून. स्वतःचं काहीतरी करायचं म्हणून त्याने नोकरी सोडली, झोपायच्या खोलीची खिडकी फळ्या ठोकून बुजवली, भिंतींना गाद्या लावल्या. आता त्या खोलीत सकाळ कुठली नि दुपार कुठली ते कळत नसे, आणि स्वतःचं काहीतरी मागेच पडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी काम अगदीच आटलं, तेव्हा एका कंपनीने चाळीस चाली एकगठ्ठा मागितल्या. सगळे हक्क त्यांचे, कुठेही नाव नाही. एकोणचाळीस झाल्या आणि डोकं कोरडं पडलं. मुदतीच्या सकाळी अण्णा स्वयंपाकघरात मटार सोलत गुणगुणत होते. आई असताना तिला चिडवायला ते हीच चाल म्हणायचे. शब्द नव्हतेच त्या चालीला. त्याने फोनवर ती टिपून घेतली आणि चाळिसावी म्हणून धाडून दिली. अण्णांना सांगायचं आज, उद्या करत राहूनच गेलं.

डॉक्टर गेल्यावर अण्णा खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.

“लिही त्या कंपनीला. महोदय. आपण जाहिरातीत वापरलेली चाल माझ्या घरातली आहे. कुणाच्या घरातली वस्तू विचारल्याशिवाय उचलू नये, हे आपणांस लहानपणी शिकवलं असेलच.”

तो टाइप करत राहिला. दारात बायको उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली.

“खाली तुझं नाव घाल,” अण्णा म्हणाले. “तू या धंद्यातला. तुझ्या शब्दाला वजन.”

त्याने नाव घातलं आणि पत्र स्वतःच्याच दुसऱ्या ईमेल पत्त्यावर पाठवलं.

पुढचे नऊ दिवस अण्णा चहाच्या वेळी विचारत, “आलं का उत्तर?” आणि तो म्हणे, “मोठ्या कंपन्या, वेळ लागतो.” दहाव्या दिवशी त्याने उत्तर स्वतःच लिहायला घेतलं. आम्ही दिलगीर आहोत, यापुढे काळजी घेऊ. भाषा झकास साधली होती. बायको मागे येऊन उभी राहिली.

“एकदा फसवलंत ते नाइलाजाने,” ती म्हणाली. “हे कशाने?”

त्याने ते पुसलं, बाहेर गेला आणि अण्णांसमोर बसून सगळं सांगितलं. सांगताना एकदाही वर पाहिलं नाही.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“म्हणजे पत्र मी तुलाच लिहिलं होतं.”

“हो.”

“आता ती मी म्हटली तर?”

“घरात म्हणायला काही नाही. बाहेर कुठे ध्वनिमुद्रण करून द्यायचं म्हटलं तर... ती त्यांची आहे.”

“घरात,” अण्णा म्हणाले. मग विचारलं, “चाळिसात माझी एकच?”

“एकच.”

“आणि त्यांनी तीच लावली.” क्षणभर त्यांचा चेहरा उजळला, पण पोराच्या तोंडाकडे बघून त्यांनी तो घाईने आवरला. “का रे, तुझ्या काय वाईट होत्या?”

गेले दहा दिवस तोच प्रश्न त्या बंद खोलीत त्याच्यासोबत बसून होता.

“चल, ऐकव,” अण्णा उठले. “सगळ्या. पहिल्यापासून.”

त्याने त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला. अण्णा डोळे मिटून ऐकू लागले. तो पडद्यावरच्या हिरव्या रेघा वरखाली होताना बघत बाजूला उभा होता. पाच झाल्या, आठ झाल्या. लेथवरून उतरलेला माल तपासताना अण्णा असेच गप्प असत. मग त्यांनी एक बोट वर केलं.

“ही कितवी?”

“बारावी.”

“परत लाव.”

बारावी कुठली, कधी केली, त्याला काही केल्या आठवेना. त्याने ती परत लावली. हेडफोन एकच होता. अण्णांची बोटं गुडघ्यावर हळूहळू ठेका धरू लागली, आणि आपली चाल कशी होती ते त्या बोटांवरून ओळखायचा प्रयत्न करत तो उभा राहिला.