पावाखालची ज्वारी

वेचणीच्या दिवसांत आमच्या आष्टीकडे सोनं मिळेल, पण कापूस वेचायला बाई मिळणार नाही. कडूबाईच्या टोळीला तर दसऱ्यापासून सांगून ठेवावं लागतं. टोळी रुसली की संपलं. मग बोंडं फुटून कापूस लोंबत राहतो आणि मालक बांधावर बसून आभाळाकडे बघत राहतो.

पहिल्या वेचणीला सीतादही करतात. पाच खडे मांडायचे, हळदीकुंकू वाहायचं, दहीभात शिंपडायचा आणि बायांना मालकाकडून जेवण घालायचं. दरवर्षी हे सगळं माझी आई, उषाबाई, बघते. यंदा नेमकं मावशीच्या नातवाचं बारसं निघालं. आई निघताना माझ्या बायकोला म्हणाली, "प्रांजली, पूजा म्या करून जाते. तू फकस्त बायांना खाऊ घाल. टोळी हातची गेली न्हाई पाहिजे."

प्रांजली संभाजीनगरची. उन्हाळ्यात लग्न झालं, तेव्हापासून आईच्या हाताखाली ती कांदा चिरण्यापलीकडे गेली नव्हती. आज पहिल्यांदा सगळं तिच्या हाती आलं होतं. हॉस्टेलमध्ये तिच्या सँडविचसाठी पोरी रांग लावायच्या म्हणे. तिने मला वाटूरला पिटाळलं. मी गाडीभर पाव घेऊन आलो. "पावात काय भागतंय?" असं माझ्या ओठावर आलं होतं, पण नव्या बायकोपुढे ओठ मिटलेले बरे असतात.

आणि सँडविच झालं झकास, खोटं कशाला बोलू? उकडलेला बटाटा, काकडी, टोमॅटो, बीट, वर हिरवी चटणी. बायांनी चवीने खाल्लं. सोनूबाईने तर बोटं चाटली. प्रांजली माझ्याकडे बघून अशी हसली, की मला ते पाव आणल्याचं सार्थक झालं असं वाटलं.

मग बायांनी हात धुतले, लिंबाखाली पुन्हा ओळीने बसल्या आणि बसूनच राहिल्या.

प्रांजलीने जरा वाट पाहिली. शेवटी म्हणाली, "काकू, उठायचं ना आता?"

"उठतो की," कडूबाई म्हणाली. "जेवन झालं की उठतो."

"मग आत्ता झालं ते?"

"ती न्याहारी झाली ना, सूनबाई. पाव म्हंजे दुखनेकऱ्याचं खानं. मला मागं डेंगू झाल्ता, तवा दवाखान्यात चहासंगं खाल्ता. त्याच्यावर दिसभर कापसाची पात कशी ओढावी?"

बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. कुणाच्या मनात खोट नव्हती. जेवण येणार, उशीर झाला असेल, असं त्या मनापासून समजत होत्या. तेच तर अवघड होतं.

तेवढ्यात शेजारचा तातेराव बांधावर येऊन उभा राहिला. त्याचाही कापूस फुटला होता आणि त्याचे डोळे आमच्याच टोळीवर होते. "काय कडूबाई, उपाशी बसून राह्यलात का?" तो तिकडूनच ओरडला. "उद्या माझ्याकडं या. मटन घालतो!"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. प्रांजलीचे डोळे भरून आले. ती तरातरा आखाड्यात गेली, मी मागोमाग. आमच्या आखाड्यात गोठा आणि एक खोली. त्या खोलीत पीठ नव्हतं, तांदूळ पूजेत संपलेले. तिने सगळे डबे उघडले आणि कोपऱ्यातला पत्र्याचा मोठा डबा ओढला.

"हे काय आहे?"

"ज्वारीचा भरडा," मी म्हणालो.

"शिजतो का?"

"शिजतो ना. बराबर शिजतो."

कुणासाठी शिजतो, ते तिने विचारलं नाही. मग मीही सांगितलं नाही.

तिने पदर खोचला. मला जाळाला बसवलं, मोठ्या पातेल्यात आधण ठेवलं आणि मीठ-हळद टाकून भरडा वैरला. दुसरीकडे उरलेले बटाटे लसणाच्या फोडणीत परतले. उरलेल्या पावाचे तुकडे तेलात खरपूस केले. पूजेसाठी आणलेले कागदी वाडगे होतेच. तळाला वाफाळती मऊ ज्वारी, तिच्यावर बटाटा, मग काकडी, टोमॅटो, बीट, चमचाभर दही, भरपूर हिरवी चटणी आणि सगळ्यात वर कुरकुरीत पाव. तोच माल, फक्त पावाची जागा ज्वारीने घेतली. धुराने तिचं नाक लाल झालं होतं आणि मला ती लग्नातल्यापेक्षा देखणी दिसत होती.

बाया जेवल्या. म्हणजे खरोखर जेवल्या. आधी बोलणं थांबलं, मग वाडगे पुन्हा पुढे आले. "आता कसं पोटात काई पडलं," सोनूबाई म्हणाली. कडूबाईने तिसऱ्यांदा मागितलं, आणि कडूबाई तिसऱ्यांदा कुणाकडे काही मागत नाही. बांधावरचा तातेराव अजून हलला नव्हता, पण त्याचं तोंड उतरलं होतं.

आणि नेमकी तेव्हा आई बारशाहून परतली. रिक्षातून उतरली ती सवयीने आधी गोठ्याकडे गेली. मग खोलीतल्या डब्याचं झाकण वाजलं आणि आईचा आवाज आला, पार तातेरावाच्या रानापर्यंत जाईल असा.

"गोरख्या! म्हशीचा भरडा कुठं गेला रे? आत्ता कुठं व्यालीय ती!"

लिंबाखाली सगळे हात जागच्या जागी थांबले. प्रांजलीने माझ्याकडे असं पाहिलं, की मला म्हशीमागे जाऊन उभं राहावंसं वाटलं. तातेराव खदाखदा हसायला लागला. "वा रे जेवन! बायांना म्हशीचं आंबोन!"

आई बाहेर आली. तिने वाडगे पाहिले आणि मटकन ओट्यावर बसली. गेली टोळी, हे तिच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

कडूबाईने तोंडातला घास सावकाश चावला, गिळला.

"उषाबाई, वरसानुवरसं तुमच्या रानात जेवून राह्यलो आम्ही," ती म्हणाली. "घासाला खडा लागला न्हाई, असं आज पहिल्यांदाच झालं. म्हशीचं तेवढं निवडून ठिवता जनू!"

बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आईचे कान लाल झाले. म्हशीची ज्वारी ती खरोखरच सुपात घेऊन, चष्मा लावून निवडते. शेवटी तीही हसली. प्रांजली तर पातेल्याला टेकून इतकी हसली, की हसता हसता रडली.

कडूबाईने वाडगा पुसून खाल्ला, कमरेला वेचणीची ओटी बांधली आणि बांधाकडे तोंड केलं.

"तातेरावदादा, मटन ऱ्हाऊ द्या. तुमच्या म्हशीला काय घालता, ते आधी सांगा!"