जिताड्यांचा उपास

"सही कर आणि मोकळी हो, रखमा. मी पुढे काही वाढवणार नाही."

अजित सरांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला. 'उपाशी ठेवलेल्या माशांना मी दयेपोटी खाद्य घातले', असं त्यावर टाइप केलेलं होतं. दयेपोटी! परळच्या या संस्थेत चौदा वर्षं माशांच्या टाक्या घासणाऱ्या रखमाला त्या एका शब्दानंच मिरच्या झोंबल्या. चोरी म्हणाले असते तर निदान सरळ भांडता तरी आलं असतं.

"मी दाणा नाय टाकला सर. सही कशाची करू?"

"मग साखर कुठून आली? जिताड्यांच्या पोटात दहा दिवस अन्न नाही आणि रक्तात साखर एकशेनव्वद? हवेतून आली?" सरांचा आवाज चढला. मागे उभे असलेले विद्यार्थी फरशीकडे बघत राहिले. "समजू शकतो मी. तुम्हा कोळी लोकांना मासा उपाशी बघवत नसेल."

"आमी मासं कापतो सर. त्यांचे लाड नाय करत."

कुणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत. तिच्याहून आठ वर्षांनी लहान असलेला हा माणूस पहिल्या दिवसापासून तिला अगंतुगं करत होता, तेही तिनं चालवून घेतलं होतं. पण महिनाअखेरीला तिचं कंत्राट संपत होतं. हा कागद फायलीत गेला की ते पुन्हा कोण करणार? नवरा धर्मा पायाच्या जखमेमुळे होडीवर जायचा थांबला होता. वरळी कोळीवाड्यातलं घर तिच्या एकटीच्या पगारावर उभं होतं. आणि पगार राहू दे बाजूला, न केलेलं पाप कबूल करायचं ते का? ती सही न करताच बाहेर पडली.

अक्षता टाक्यांच्या खोलीत डोळे पुसत बसली होती. ही सरांच्या हाताखालची पीएचडीची विद्यार्थिनी. प्रयोग तिचा, रक्तही तिनंच घेतलेलं. "मावशी, तुम्ही नाही टाकलं हे मला माहितीये. पण रीडिंगच तशी आली, मी तरी काय बोलू?"

"दाखव ती रीडिंग."

आकडे रखमाला नवे नव्हते. असल्याच यंत्रावर ती रोज सकाळी धर्माची साखर बघायची, आणि रोज त्याला शिव्या घालायची. तिनं वहीवर बोट ठेवलं. पहिला मासा बावन्न. दुसरा अठ्ठावन्न. पाचवा नव्वद. बारावा एकशेनव्वद.

"पकडलेस तसेच लिवलेस ना एकामागून एक?"

"हो. एकाच टाकीतले बारा."

"किती टाइम लागला?"

"दीड तास तरी. शेवटचे हातालाच लागत नव्हते. मी जाळी घेऊन नुसती मागे धावतेय."

"मग बाय, मी खायला घातलं असतं तर पहिल्याचीच कशी खाली राहिली? तो काय माझा दुश्मन होता?" रखमानं वहीवरचं बोट बाराव्या आकड्यावर आणलं. "ही साखर मी नाय चढवली. तू पळवपळवून चढवलीस."

अक्षतानं तोंडावर हात ठेवला. घाबरलेल्या माशाचं यकृत जमवलेली साखर रक्तात सोडतं, पळायला बळ हवं म्हणून. आणि उपाशी मासा अंगातलं मांस-चरबी वापरून आपली साखर कितीतरी दिवस सांभाळतो. सगळं तिनं वाचलेलं होतं. "पुस्तकात आहे हे, मावशी!"

"पुस्तकात हाय तर जाळी कशाला फिरवत बसलीस?" रखमा फणकारली. "माझी आई लिलावात नुसतं बोट दाबून सांगायची, मासा कसा मेला ते. तडफडून मेलेला मासा लवकर नरम पडतो. सगळी ताकद आधीच खर्चून बसलेला असतो तो."

उरलेल्या सात टाक्यांतले मासे अजून उपाशीच होते. रखमानं त्यांच्यावर काळं कापड टाकलं, दिवे बंद केले, पंखाही बंद केला, आणि तासाभरानं सरांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"चला सर. सगळ्यांना घेऊन चला. मला बोललात तेव्हा सगळे होते."

बोलायचं नाही, टाकीला हात लावायचा नाही, असं तिनं सगळ्यांना, सरांनाही, बजावलं. मग दारातून येणाऱ्या अंधुक उजेडात कापडाचा एक कोपरा उचलून, पाणी न ढवळता, एका टाकीतून एकच जिताडा तिनं ओल्या हातांनी वर काढला. तो जागा व्हायच्या आत अक्षतानं सुई टोचली. अठ्ठेचाळीस. दुसरी टाकी, पंचावन्न. तिसरी, पन्नास. सातव्या टाकीपर्यंत एकही आकडा साठीच्या वर गेला नाही.

दिवे लागले. सर वहीत डोकं घालून उभे होते.

"इंटरेस्टिंग," ते अक्षताला म्हणाले. "पकडण्याची पद्धतच बदलू या. हे पेपरातही घालता येईल. माझ्या डोक्यात होतंच कुठेतरी."

डोक्यात होतं म्हणे! रखमा थांबली. आता वळतील, आता म्हणतील. 'चुकलं' एवढंसुद्धा नको, 'हे रखमानं दाखवलं' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

सर वळलेही. "चला, संपला यांचा उपास. रखमा, खायला घाल त्यांना."

तिनं फळीवरचा खाद्याचा डबा काढला. डब्याचा आवाज ऐकताच सातही टाक्यांतले जिताडे वर आले आणि काचेवर तोंडं आपटू लागले. खरं सांगायचं तर या घडीला तिला त्यांची दया येत होती, पोटातून येत होती. तरी झाकणावरचा हात तिनं हलवला नाही.

"लिहून द्या, सर."

"काय?"

"खायला घाल म्हणून. तारीख टाका. आणि नाव पुरं लिवा, रखमा धर्मा वरळीकर."

सर हसले. आजूबाजूला बघितलं, कुणीच हसत नव्हतं. माशांनी उडवलेलं पाणी फरशीवर सांडत होतं आणि रखमा डबा छातीशी धरून उभी होती.

सर खिशात पेन चाचपू लागले.